बंगल्याच्या मागच्या अंगणातील माणसे
(बाबासाहेबांच्या चरित्रातील एक दुर्लक्षित बाजू)

महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचे द्वार, गोलमेज परिषद, संविधान सभा आणि नागपूरची दीक्षाभूमी हे बाबासाहेबांच्या जीवनातील टप्पे आपल्या विद्यार्थ्यांच्या जिभेवर असतात. चौदा एप्रिलच्या भाषण स्पर्धेत पाचवीतला मुलगाही ते क्रमाने सांगतो. तारखा चुकत नाहीत याचा आम्हां शिक्षकांना आनंदच आहे. तथापि इतिहास शिकविताना आम्हांस सतत जाणवत आले आहे, की थोर पुरुषाचे चरित्र सभा आणि सनावळ्या यांतून जितके कळते, तितकेच ते त्याच्या घराच्या मागच्या अंगणातूनही कळते. त्याला पाणी कोणी दिले, गाडी कोणी हाकली, ताट कोणी वाढले, त्याची हस्तलिखिते रात्री जागून कोणी टंकलिखित केली, हे प्रश्न चरित्रग्रंथांच्या अनुक्रमणिकेत सापडत नाहीत. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही बाबासाहेबांच्या जीवनातील हाच धागा हाती घेतला. त्या धाग्यात आपल्या खानदेशालाही एक जागा आहे. ती अभिमानाची नाही, पण टाळता येण्याजोगीही नाही.

आपल्या समाजाच्या इतिहासात सेवा हा शब्द सरळ नाही. महारकी ही नोकरी नव्हती. ती जन्माबरोबर अंगावर येत असे. खानदेशातील असो वा कोकणातील, गावच्या येसकराने वेशीवर पहारा द्यावा, टपाल पोचवावे, मेलेली गुरे ओढावीत, आणि सरकारी अंमलदाराचा मुक्काम पडला की लाकूडफाटा, गवत, पाणी व ओझी यांची तरतूद करावी, असा दंडक होता. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन, बलुते आणि दारोदार फिरून गोळा केलेली भाकरी. कामाला वेळ नाही, पगार नाही आणि नाही म्हणण्याचा अधिकारही नाही. घरचा एक माणूस हजर नसेल तर दुसऱ्याने जावे, मग तो म्हातारा असो की पोर. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्का मिळाला.

बाबासाहेबांच्या घराण्याने या चक्रातून सुटण्यासाठी पलटणीची वाट धरली होती. आजोबा मालोजी आणि वडील सुभेदार रामजी हे दोघेही लष्करात होते, म्हणूनच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म महूच्या छावणीत झाला. तरीही येसकराची काठी त्यांच्या विचारांतून कधी दूर झाली नाही. मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाल्यावर १९२८ साली त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेबांना जाऊन दीड-दोन वर्षे लोटली होती. आमच्या पिढीच्या आजोबांनी ती काठी स्वतःच्या हातात धरलेली आहे, हे पालकांपैकी वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

आता साताऱ्याकडे वळू. निवृत्तीनंतर रामजींचे कुटुंब तेथे राहत होते. शाळेत भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरेशी नव्हती. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घरी न्यावयाची. धोबी कपडे धूत नसे, म्हणून धुणे बहिणींकडे. न्हावी केस कापीत नसे, म्हणून थोरल्या बहिणीने हाती कात्री घेतली आणि भावांचे केस कापता कापता ती त्या कामात तरबेज झाली. धोब्याला व न्हाव्याला पैसे देण्याची ऐपत घरात होती; पैसे घेऊन काम करावयास माणूस तयार नव्हता. शाळेचा शिपाई आणि झाडूवाला ही गावातील अगदी कमी पगाराची माणसे, तरी त्यांच्याजवळही नाकारण्याची सत्ता होती. जातिव्यवस्थेची ही करामत पुस्तकी व्याख्यांतून विद्यार्थ्यांना उमगत नाही, नळाच्या या गोष्टीतून मात्र चटकन उमगते.

बडोद्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण घेऊन आलेला हा तरुण संस्थानच्या सेवेत रुजू झाला, तेव्हा कचेरीतील शिपाई विटाळ टाळण्यासाठी कागदपत्रे दुरून त्यांच्या टेबलावर फेकीत. राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहाच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया ठरवून, नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशी मंडळींचा घोळका दारात उभा राहिला आणि तेही छप्पर गेले. त्या रखवालदाराने पैशासाठी का होईना दार उघडले होते, एवढी नोंद आम्ही त्याच्या नावावर करून ठेवतो.

आणि मग चाळीसगाव. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये समितीचे काम आटोपून ते मुंबईकडे निघाले असता, धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. धुळ्याच्या गाडीने जाऊन गावची हकिकत समजून घेतली व पुढच्या गाडीने ते चाळीसगावला परतले. स्थानकावर हारतुरे झाले. महारवाडा दोन मैलांवर, मध्ये नदी. चालत जाणेही अवघड नव्हते. परंतु कोणी हलेना. तासभर असाच गेला आणि मग एक टांगा फलाटाजवळ आला. टांग्यात बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच बसले. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी निघाली.

टांगा जेमतेम दोनशे पावले गेला नसेल तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरील फरशीचा पूल. त्याला कठडा नव्हता, अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले. रस्त्यावरून पुलावर चढताना काटकोनात वळण होते. त्या वळणाशी चाक दगडांत अडकले, टांगा उसळला आणि बाबासाहेब फरशीवर आपटले. घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांच्या पायाचे हाड मोडले, अंगावर इतरही जखमा झाल्या आणि कित्येक दिवस त्यांना हिंडताफिरता आले नाही.

खरी हकिकत त्यांना नंतर कळली. स्थानकावरचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकावयास तयार नव्हता. त्यात त्याला कमीपणा वाटत होता. आणि पाहुण्याने पायी चालत वस्तीत यावे, हे वस्तीतील माणसांना आपल्या पाहुण्याच्या मानास शोभणारे वाटत नव्हते. शेवटी टांगेवाल्याने तोड काढली: टांगा भाड्याने देईन, हाकणार नाही. मंडळींनी ती मान्य केली आणि आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा जीव धोक्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला, त्यात आपल्या माणसांवर राग नाही. त्यांना बोचले ते हे, की हलक्यासलक्या कामावर पोट भरणारा टांगेवालासुद्धा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो. चाळीसगावच्या मुलांना हा प्रसंग गावाचे नाव घेऊन शिकवावा, असे आम्हांस वाटते. काही सहकाऱ्यांना ते रुचत नाही. गावाची बदनामी कशाला, असे ते म्हणतात. आम्ही शिकवितो.

खानदेशाशी त्यांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. जुलै १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी ते धुळ्यास आले होते. लळिंगच्या डोंगरातील लांडोर बंगल्याशी त्या भेटीची आठवण जोडलेली आहे आणि दरवर्षी ३१ जुलैला तेथे आपली माणसे मोठ्या संख्येने जमतात. आमचे किती तरी माजी विद्यार्थी मुलाबाळांसह तेथे भेटतात. ही ३१ जुलै तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

मुंबईतील घरांबद्दल थोडक्यात सांगतो. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बॅरिस्टर आंबेडकरांच्या घरी काम करणारे हात म्हणजे माता रमाईचे हात. पती विलायतेत असताना त्यांनी कशी दिवसांवर मात केली, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले व गायिले गेले आहे. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी म्हणून राजगृह उभे राहिले. पण रमाईंना ते फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि नव्या दिल्लीतील पृथ्वीराज रोडवरील २२ क्रमांकाचा सरकारी बंगला त्यांना मिळाला. इंग्रजांनी बांधलेल्या या बंगल्यांची रचनाच मुळी नोकरांना धरून केलेली होती. पुढे हिरवळ आणि दिवाणखाना, मागे नोकरांच्या खोल्यांची रांग. खानसामा, हरकाम्या, माळी, धोबी, चौकीदार, शिपाई, मोटारचालक आणि सर्वांत शेवटी भंगी. प्रत्येकाचे काम ठरलेले आणि बहुधा त्या कामाची जातही ठरलेली. साहेब बदलत, मागची रांग तीच राहत असे. अशा बंगल्याच्या पुढच्या दाराने आता महाराचा मुलगा मालक म्हणून आत गेला. सातारच्या नळापासून इथवर यावयास चाळीसएक वर्षे लागली.

त्यात आणखी एक योग होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्या वेळी मजूर खात्याच्याच अखत्यारीत होते. म्हणजे या बंगल्यांची भिंत रंगविणारा, दिवे दुरुस्त करणारा आणि नवे बंगले उभे करणारा मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांच्या खात्याचा माणूस होता. या खात्यातील नोकऱ्या आणि कंत्राटे यांत अस्पृश्यांना वाटा मिळावा म्हणून त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात व्हाइसरॉयकडे मागणी केली. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखून ठेवण्यात आल्या. आज आपल्यापैकी ज्यांच्या घरात केंद्र सरकारची नोकरी आहे, त्यांनी हे पान उलटून पाहावे.

पृथ्वीराज रोडवरील त्या दिवसांचे साक्षीदार म्हणून देवी दयाळ यांचे नाव घ्यावे लागते. १९४३ साली हा तरुण बंगल्यात आला आणि ग्रंथालयाची देखभाल त्याच्याकडे आली. बाबासाहेब केव्हा उठतात, काय वाचतात, कोणास भेटतात, केव्हा चिडतात, केव्हा हसतात हे तो टिपून ठेवी. त्याच्या नोंदींमुळे बाबासाहेबांची दिनचर्या आज आपणांस वाचावयास मिळते. मंत्र्याच्या घरी येणारे मोठे पाहुणे आपापल्या आठवणी लिहितात, त्यांत ते स्वतःच पुष्कळ असतात. पुस्तके पुसणाऱ्या माणसाच्या नोंदीत मालक अधिक दिसतो.

येथे एका कठीण प्रश्नापाशी थांबणे भाग आहे. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेले काम अपूर्व आहे. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ च्या आरंभी मांडले. पगारी रजा, सेवायोजन कार्यालये, मालक-मजूर-सरकार यांची त्रिपक्षीय परिषद, खाणीतील स्त्रियांच्या प्रश्नांची दखल, ही यादी मोठी आहे. परंतु कारखाना कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. ज्या टेबलावर या विधेयकांचे मसुदे वाचले गेले, त्या टेबलावर चहा ठेवणाऱ्या माणसाला त्यांतील एकही कलम लागू नव्हते. हा दोष बाबासाहेबांचा मानणे अन्याय होईल. घर हे कामाचे ठिकाण आहे, ही कल्पनाच जगातील कायद्यांत तेव्हा रुजली नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार केला तो २०११ साली. महाराष्ट्राने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा त्याआधी, २००८ साली केला खरा, पण मंडळाचे दार किती जणींना ठाऊक आहे? आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या आया नाशिक, पुणे, ठाण्याच्या सोसायट्यांत चार-चार घरची धुणीभांडी करून मुलांना येथे ठेवीत होत्या. त्यांतील एकीलाही आठवड्याची सुटी हक्काने मिळत नसे. संविधानाच्या शिल्पकाराचा फोटो घरात आणि कायद्याची सावली घराबाहेर, अशी ही अवस्था आहे. आंबेडकरी चळवळीने गिरणी कामगारांसाठी, शेतमजुरांसाठी पुष्कळ केले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती थोडी अडखळली, असे आमचे मत आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यानंतर कार्यकारी मंडळ गेले. स्वातंत्र्य आले आणि बाबासाहेब कायदेमंत्री झाले. आता मुक्काम १ हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू. याच बंगल्यात मसुदा समितीच्या अध्यक्षाचे वाचन आणि लेखन चाले, याच बंगल्यात १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा नोंदणी विवाह झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. मधुमेह आणि मज्जातंतूंचा विकार यांनी बाबासाहेबांचे शरीर पोखरले होते. पाय इतके दुखत की रात्री झोप येत नसे आणि ते दाबणे, त्यांना तेल चोळणे हे घरातील माणसांचे रोजचे काम होऊन बसले. त्या पायांच्या वेदनेत चाळीसगावच्या जुन्या मोडीचा वाटा किती होता, हे वैद्यांनी सांगावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी केलेल्या भाषणातील राजकीय इशारे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच भाषणात त्यांनी बी. एन. राव यांच्याबरोबर मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले आणि तेवढ्यावर न थांबता मुखर्जींच्या हाताखालील कर्मचाऱ्यांचीही आठवण केली. ते कधी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत कसे राबत होते ते सभागृहाला सांगितले. देशाच्या घटनेच्या व्यासपीठावरून कारकुनांच्या जागरणाची नोंद करणे हे सामान्य शिष्टाचारात बसणारे नाही. ज्याच्या टेबलावर कागद फेकले गेले होते, त्याला कागद नीट आणून देणाऱ्याची किंमत कळत होती.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे राजकारण आपण वर्गात शिकवितो, त्याचा घरगुती अर्थ सांगत नाही. मंत्रिपद गेले की बंगला जातो, सरकारी शिपाई जातात, सचिव जातात, टंकलेखक जातात. बाबासाहेब २६ अलीपूर रोडवरील, सिरोहीच्या राजाच्या मालकीच्या घरात भाड्याने राहावयास गेले. ग्रंथ सोबत गेले, आजार सोबत गेला, आणि आयुष्यातील सर्वांत मोठे लेखन अजून व्हावयाचे होते. येथपासून नानकचंद रत्तू या माणसाला चरित्रात वेगळे महत्त्व येते.

रत्तू पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील अस्पृश्य कुटुंबातले. पोटासाठी दिल्लीस आले, सरकारी कचेरीत लागले आणि १९४० पासून बाबासाहेबांच्या सहवासात आले. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत बाबासाहेबांचे टंकलेखन, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. बाबासाहेब लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. मजकूर वर-खाली होई, कागदाचे तुकडे चिकटवले जात आणि सगळे पान नव्याने टंकलिखित करावे लागे. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ, ज्याचे आपल्या विहारांतून वर्षावासात वाचन होते, तो रत्तू आणि प्रकाशचंद या दोघांच्या बोटांखालून अनेकदा गेलेला आहे.

१९५६ साली बाबासाहेबांनी या ग्रंथाची जी प्रस्तावना लिहिली, तीत त्यांनी या दोघांचे आभार मानले आहेत. रत्तूंनी प्रकृतीची पर्वा न करता, मोबदला न घेता हे काम केले आणि त्या श्रमांची फेड होणे कठीण, असा त्या मजकुराचा आशय आहे. दैव असे, की बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली ग्रंथ छापून निघाला, तो या प्रस्तावनेवाचून. पुढे भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. ग्रंथ छापण्यासाठी पैसे नव्हते. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात अशी विनंती केली आणि तिला नकार आला. ज्या घरात ग्रंथाच्या छपाईचे पैसे उभे राहत नव्हते, त्या घरात टंकलेखकाला पगार कुठून मिळणार? प्रेमाने केलेले काम विनावेतन राहिले तर त्यात आक्षेपार्ह काही नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. महारकीही विनावेतनच होती. परंतु येसकराला घरी बसता येत नव्हते, रत्तूंना येत होते. कचेरी सुटल्यावर सरळ आपल्या घरी जाण्यास त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. ते रोज अलीपूर रोडला जात राहिले.

स्वयंपाकघर सुदामाकडे होते. चरित्रकारांनी त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा दिलेली नाही आणि त्या ओळींतही तो बहुधा जेवण तयार असल्याचे सांगावयास येतो. मधुमेही माणसाचा स्वयंपाक ही काय कसोटी असते, ते घरात असा रुग्ण असलेल्यांना सांगावे लागत नाही. भात किती, गोड किती, इंजेक्शन केव्हा, आणि जेवणारा ग्रंथात बुडालेला. ताट थंड होई. माईसाहेबांचे पथ्य आणि बाबासाहेबांची इच्छा यांच्या मधोमध स्वयंपाक्याला उभे राहावे लागे. बाबासाहेबांना स्वतःला पदार्थ करण्याची हौस होती, लहर लागली की ते चुलीशी जात. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या सावलीने अन्न विटाळते असे मानले गेले, त्या माणसाच्या स्वयंपाकघरात कोण शिजवतो आणि कोण वाढतो हा प्रश्न उरला नव्हता. आमच्या वसतिगृहाच्या भटारखान्यातही तो नाही. सुरुवातीच्या काळी काही पालक भरतीच्या वेळी आचाऱ्याचे आडनाव विचारीत. तेही आता थांबले आहे.

३१ जुलै १९५६, मंगळवार. याच तारखेची आठवण वर सांगितली होती. त्या संध्याकाळी बाबासाहेब अतिशय खिन्न होते आणि रत्तूंनी धीर करून कारण विचारले. डोळ्यांत पाणी आणून बाबासाहेबांनी आपले दुःख त्यांच्यापाशी उघडे केले: हाती घेतलेले काम पुरे झालेले पाहता येणार नाही ही हुरहुर, शिकलेल्या लोकांनी केलेली निराशा, आणि काफिला पुढे नेता आला नाही तर निदान तो मागे जाऊ देऊ नये, ही समाजाला विनवणी. हा संदेश आज कोणत्या शाळेच्या भिंतीवर नाही? आमच्या सभागृहातही तो रंगविलेला आहे. सभा, संसद, वृत्तपत्र यांतील कुठलेही व्यासपीठ त्यासाठी नव्हते. समोर होता फक्त कचेरीतून दमून आलेला एक टंकलेखक. त्याने तो जपला आणि पुढे पुस्तकात लिहिला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. शिकलेल्या लोकांबद्दलचा त्यातील भाग आम्ही शिक्षकांनी जरा सावकाश वाचावा.

ऑक्टोबरात दीक्षा झाली. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद झाली. महिनाअखेरीस बाबासाहेब अगदी थकून दिल्लीस परतले.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी रत्तू नेहमीप्रमाणे कचेरी सुटल्यावर आले. रात्री जैन मंडळींचे शिष्टमंडळ भेटून गेले. मग रत्तूंनी पाय दाबले, डोक्याला तेल चोळले. बाबासाहेबांचे मन हलके झाले असावे. ते त्रिशरण गुणगुणू लागले, रेडिओग्रामवर त्याची तबकडी लावावयास सांगितली. सुदामा जेवणासाठी बोलवावयास आला. थोडा भात पुरे, असे म्हणत ते उठले. जेवणघराकडे जाताना वाटेतील कपाटांतून त्यांनी काही पुस्तके काढली व ती बिछान्याजवळ ठेवण्यास दिली. जेवण नावापुरतेच झाले. काठीच्या आधाराने कबीराचे पद म्हणत ते शयनगृहात गेले. धम्मग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे उशाशी हवी होती, पुन्हा एकदा नजर घालावयाची होती. रत्तूंनी ती टेबलावर ठेवली. ते निघाले तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.

सकाळी माईसाहेबांना बाबासाहेब गेल्याचे कळले आणि त्यांनी रत्तूंना आणण्यासाठी मोटार पाठविली. दिल्लीतील बातमी ठिकठिकाणी कळविण्याचे काम रत्तूंनाच करावे लागले. त्या रात्री पार्थिव विमानाने मुंबईस नेण्यात आले आणि ७ डिसेंबर रोजी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत लाखाहून अधिक लोकांनी दीक्षा घेतली.

२६ अलीपूर रोडवर आता राष्ट्रीय स्मारक आहे, १३ एप्रिल २०१८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. रत्तूंनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू अनेक वर्षे सांभाळल्या. त्या पुढे वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांनी नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात आल्या. कोट, टोपी, लेखनसाहित्य आणि टंकलेखन यंत्र तेथे पाहावयास मिळते. रत्तू २००२ साली वारले. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वाट थोडी वाकडी करून चिचोलीला जावे आणि त्या यंत्राच्या कळा जवळून पाहाव्यात.